दीड कप पाण्याचा कूलर

महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून, आणि एवढ्या काळात आलेला कागद मी त्याच दिवशी पुढे सरकवला असं एकदाही घडलं नाही. हे मी अभिमानाने सांगतो. कागद एक रात्र ट्रेमध्ये पडून राहिला की त्यातल्या चुका आपोआप वर येतात, असा माझा अनुभव आहे. असा मी, नरहर पांढरीपांडे, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार दिग्रस, मोबाइलवरच्या एका घड्याळाला घाबरलो आणि नऊ मिनिटांत पाच हजार रुपये पाठवून बसलो.

घड्याळ उलटं चालत होतं. ‘लखलाभ’ नावाचं मोबाइलवरचं दुकान होतं आणि ते घड्याळ शून्यावर आलं की सवलत संपणार होती. चित्रात एक सोफा, सोफ्यावर चक्क स्वेटर घालून बसलेलं हसरं कुटुंब, आणि शेजारी त्यांच्या खांद्याला लागेल एवढा पांढराशुभ्र कूलर. नाव ‘हिमशिखर’. चौदा हजार नऊशे नव्याण्णववर काट मारून खाली चार हजार नऊशे नव्याण्णव. स्वेटर बघूनच माझी शुद्ध हरपली. बाहेर त्रेचाळीस होतं.

कूलर हवा होता हे खरंच. मे महिन्यात आमची मुलगी अनघा चार महिन्यांच्या भैरवीला घेऊन पुण्याहून येणार होती. आजी-आजोबांचं घर नातीला पहिल्यांदाच दिसणार, आणि घरातला जुना कूलर बुडातून इतका गंजलेला की वरून ओतलेलं पाणी तो खालून लगेच परत करायचा. शोभाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचं, म्हणणं साधं होतं. समोर मोहिउद्दीनभाई आहेत, त्यांना सांगा, चार दिवसांत करून देतील. मोहिउद्दीनभाई आमच्या घरासमोरच पत्र्याचे कूलर करतात. निम्म्या दिग्रसात त्यांचे कूलर घरघरतात. पण त्यांचा भाव सात हजार. म्हणजे नऊ मिनिटांत मी दोन हजार एक रुपया वाचवला होता. शोभाला मी काही बोललो नाही. पोरगी यायच्या आत तिला चकित करायचं, असा बेत होता. त्या बेतातला चकित होण्याचा भाग पुढे पार पडला, फक्त माणूस बदलला.

सहाव्या दिवशी शंकरसिंग आला. हा आमच्या भागात पार्सलं वाटतो. चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा, भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून मोटरसायकलवर फिरणारा सज्जन माणूस. त्याने माझ्या हातात एक खोकं ठेवलं. आत चपलांचा जोड मावला असता. मी सही केली आणि मोटरसायकलच्या मागे बघितलं. बाकीचा कूलर कुठे आहे म्हणून विचारलं. बाकीचा म्हणजे काय, ते शंकरसिंगला कळेना. मी समजूत करून घेतली की हा रिमोट असणार, मुख्य माल मागून ट्रकने येईल. सरकारी खरेदीत असंच होतं. आधी पडदे येतात, मग दोन वर्षांनी इमारत येते. मी दोन दिवस ट्रकची वाट पाहिली.

तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं. आत हिमशिखर होता. पूर्ण होता. सोबत मोबाइलच्या चार्जरला लावायची वायर होती आणि पाणी ओतायचं इवलंसं झाकण. मी मोजपट्टी लावली. उंची सात इंच. पाणी मावलं दीड कप. चालू केल्यावर त्याने प्रामाणिकपणे वारा दिला, नाही म्हणत नाही, पण तो एका वेळी एका गालाला लागायचा. दुसऱ्या गालासाठी मान वळवावी लागे.

शोभाने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “चहाच्या वेळी लावत जाऊ. बशी नाही लागायची.”

त्या क्षणी मी ठरवलं, पैसे परत घ्यायचे. आता तो माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

लखलाभवाल्यांना पत्ता नव्हता, फोन नव्हता. होती फक्त मोबाइलमधली एक खिडकी आणि खिडकीत ‘काव्या’. मी रीतसर तक्रार लिहायला घेतली. ‘प्रति, मा. तक्रार निवारण अधिकारी महोदया, विषय : निकृष्ट व विसंगत आकाराचा वातशीतक पुरवठा केल्याबाबत, संदर्भ : आपली दिनांक...’ आणि अक्षरं संपली. त्या खिडकीत सव्वाशेच अक्षरं मावतात. माझा मायना संपत आला होता, मुद्दा यायचा होता. मी आहे तेवढं पाठवून दिलं. काव्याने एका सेकंदात उत्तर दिलं की ती माझ्या भावना समजू शकते आणि मला नवा वातशीतक खरेदी करायचा आहे का.

मग मी हप्त्याहप्त्याने तक्रार पाठवायला लागलो. प्रत्येक हप्त्याला काव्या स्वतंत्रपणे माझ्या भावना समजून घेई आणि आधीचा हप्ता विसरून जाई. तुमच्या वरिष्ठांना द्या म्हटलं, तर म्हणे मी तुमच्या सेवेसाठी सदैव हजर आहे. चौथ्या दिवशी दुपारी शोभाने विचारलं, “जेवणं झाल्याबरोबर तुम्ही त्या काव्याशी काय बोलून राहिले एवढं?” ती बाई नाहीच, यंत्र आहे, असं मी सांगितलं. शोभा म्हणाली, मग तर जास्तच काळजीची गोष्ट आहे.

शेवटी काव्याने खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. सील तोडल्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबवता काढलेला. आता मला सांगा, घरात आलेलं खोकं उघडताना व्हिडिओ कोण काढतो? आमच्या लग्नाचासुद्धा नाही. सोळा फोटो आहेत, त्यातल्या चारांत मी आहे. व्हिडिओ नाही म्हटल्यावर काव्या म्हणाली, चित्र केवळ निदर्शनासाठी होतं, आणि धन्यवाद.

इथे विमलताई आल्या. विमलताई आमच्या शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या हिमशिखर बघायला म्हणून आल्या, त्याचा फोटो काढला आणि मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पांढरीपांडे साहेब फसले.’ चार तासांत सल्ल्यांची रास लागली. कोणी म्हणे पोलिसात जा, कोणी म्हणे पोरगा कलेक्टर कचेरीत आहे असं सांगा. मला मुलगा नाही, पण काव्याला कुठे माहीत आहे? विमलताईंच्या वणीच्या भाच्याला म्हणे मोबाइलऐवजी फरशीचा तुकडा आला होता आणि तो आता दार अडवायला वापरतात. त्या मानाने तुम्हाला निदान वारा तरी येतो, असं त्यांनी समजावलं. हे सांत्वन होतं हे मला रात्री जेवताना कळलं.

आणि मुख्य म्हणजे समोर मोहिउद्दीनभाई होते. ते ग्रुपवर नव्हते, एवढाच दिलासा. पण मी बाहेर पडलो की ते पत्रा ठोकता ठोकता सलाम करायचे, आणि मला वाटायचं, यांना कळलंय. मी दूध आणायला मागच्या बोळातून जायला लागलो. पाचशे पावलं जास्त पडत.

अनघाला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं ‘चुकीची वस्तू आली’ एवढंच लिहा. मायना नको, संदर्भ नको. मी नाराजीने लिहिलं. तीन शब्द. आणि काय सांगू, मिनिटभरात तक्रार मंजूर. तीन दिवसांत माणूस येऊन वस्तू नेईल, मग पैसे परत. चौतीस वर्षांच्या लेखनशैलीचा एवढा अपमान माझ्या हाताखालच्या कुणी केला नव्हता.

माणूस म्हणजे शंकरसिंगच आला. सकाळी साडेदहाला. मी हिमशिखर पुसून, वायर गुंडाळून, खोक्यासकट ओट्यावर तयार ठेवला होता. नेण्याआधी वस्तूचा फोटो काढायचा, तो मोबाइल तपासतो, आणि हिरवी खूण आली की न्यायची, अशी पद्धत. शंकरसिंगने फोटो काढला. लाल फुली आली. पुन्हा काढला. पुन्हा फुली. हिमशिखर भिंतीला लावून काढला, खुर्चीवर ठेवून काढला. मग त्याने दुपट्ट्याने घाम पुसला.

“साहेब, नाही म्हणून राह्यला.”

“कोण?”

“मोबाइल. म्हणते, चित्रातली वस्तू हे नव्हे.”

“अहो, मीही तेच म्हणतो आहे. तीन आठवडे झाले.”

“मंग तुमचं अन् त्याचं एकमत हाय,” शंकरसिंग गंभीरपणे म्हणाला. “पण मले घेता येत नाही.”

मी त्याला तर्काने समजावून सांगितलं. वस्तू चित्रासारखी नाही म्हणूनच मी ती परत करतो आहे, ती चित्रासारखी असती तर मी ठेवून घेतली असती. त्याला पटलं. त्याने तीनदा मान हलवली. पण मोबाइलला पटवायची सोय नव्हती. एवढ्यात विमलताई आल्या, रस्त्याने जाणारे दोघे थांबले, माझा आवाज चढला, आणि समोरच्या दुकानातली ठोकाठोक बंद झाली. मोहिउद्दीनभाई हातोडा खाली ठेवून, हात पुसत रस्ता ओलांडून आले.

त्यांनी हिमशिखर उचलला. उलटा केला, झाकण उघडून आत पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“याले पाणी किती लागते, साहेब?”

“दीड कप.”

त्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद ओट्यावर ठेवला आणि परत जाऊन पत्रा ठोकायला लागले.

संध्याकाळी लखलाभचा निरोप आला. ‘आपण मूळ वस्तूऐवजी वेगळीच वस्तू परत करण्याचा प्रयत्न केल्याचे आढळून आले आहे. आपले खाते निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे.’ मी तो निरोप चार वेळा वाचला. सबंध नोकरीत मला एक मेमो मिळाला नाही. दोन चौकशा झाल्या, त्या दोन्ही दुसऱ्यांच्या होत्या. आणि आता मी, नरहर विनायक पांढरीपांडे, खोटा कूलर खपवणारा ठरलो होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. शोभाने वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अनघा आली. पंचेचाळीस तापमान, त्यात वीज दोनदा गेलेली. भैरवी आमचं घर बघून हसेल अशी माझी कल्पना होती. तिने तोंड उघडलं आणि ते तासभर मिटलं नाही. मानेवर, पाठीवर लालभडक घामोळ्या. अनघा ओला पंचा घेऊन वारा घालत होती, शोभा जुन्या कूलरखाली तसराळं सरकवत होती आणि कोपऱ्यात सात इंचांचा हिमशिखर चालू होता. मीच लावला होता. अनघाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. बाप म्हणून इतकं लहान मला आजवर वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दारात हातगाडीचा आवाज आला. मोहिउद्दीनभाई स्वतः गाडी ढकलत आले होते. गाडीवर नवा कूलर, रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. तिन्ही बाजूंना गवताच्या नव्या ताट्या लावलेल्या. त्यांनी आणि शंकरसिंगने (तो पार्सल द्यायला शेजारी आला होता) मिळून तो खिडकीत बसवला, बादल्या ओतल्या, बटण दाबलं. ओल्या गवताचा वास घरभर पसरला. दहा मिनिटांत भैरवी झोपली. तिच्या आईलाही तिथेच बसल्या बसल्या डुलकी लागली.

“लेकरू आलं म्हणून आणला,” मोहिउद्दीनभाई म्हणाले. “पैसे कुठं पळून राह्यले.”

मी दोन हजार लगेच दिले. बाकीचे पाच हजार बँकेतून आणता आले असते. पण तसं केलं तर ते लखलाभचे पैसे बुडाले, हे मी स्वतःशी कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून म्हटलं, ते पैसे परत आले की पाच देतो. मोहिउद्दीनभाई हो म्हणाले. शोभाने चहा आणला आणि मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, फक्त मागच्या बोळाचं सोडून. लाल फुलीवर आलो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

“साहेब, तुमाले आठवत नसंल,” ते म्हणाले, “पण आमच्या अलफियाच्या नर्सिंगच्या वक्ताले मी तुमच्या टेबलावर तीन डाव आलतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. एका कागदावर मोहिउद्दीन लिव्हलं होतं, दुसऱ्यावर मोहियोद्दीन. तुमी म्हणे, हा माणूस तूच कशावरून.”

मला खरंच आठवत नव्हतं. अशी किती नावं मी परत पाठवली, त्यांची मोजदादच नाही. आठवत नाही म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

शोभाने माझ्याकडे न बघता विचारलं, मग पुढे काय केलं?

“काय करता, भाभी. मी मीच हाव, हे सांगून सांगून थकलो. मंग भांडणं सोडलं. कागदाले जे नाव पायजे होतं ते स्टॅम्पावर लिव्हून देलं. दाखला भेटला. पोरगी आज अकोल्याले नर्स हाय.” ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड जात होतं. “या मोबाइलले काय पायजे? मोठा कूलर पायजे. तर मोठा दाखवू. त्यायनं आपल्याले दाखवला तसाच.”

अनघाने पुन्हा तीन शब्द पाठवले आणि खातं निरीक्षणाखाली असूनही ते मंजूर झाले. काव्याला काहीच लक्षात राहत नाही, याचा एवढा एक फायदा. चौथ्या दिवशी सकाळी शंकरसिंग आला, तेव्हा आमच्या बैठकीत तयारी पूर्ण होती. हिमशिखर दाराजवळ एका पाटावर. पार मागे, पंधरा फुटांवर, दिवाणावर शोभा आणि विमलताई. चित्रातल्या लोकांनी स्वेटर घातले आहेत तेव्हा आपणही घालायचे, असा विमलताईंचा आग्रह होता. त्यांनी स्वतःचा मरून स्वेटर आणला होता आणि शोभाला शाल गुंडाळली होती. बाहेर पंचेचाळीस. दोघींच्या कपाळावरून धारा वाहत होत्या आणि दोघी हसत होत्या. शंकरसिंग फरशीवर पालथा झोपला, मोबाइल हिमशिखरच्या नाकाशी धरला. मोहिउद्दीनभाई मागून सांगत होते, थोडा खाली, आणखी खाली.

मी दारात उभा होतो. महसूल खात्याच्या भाषेत याला वस्तुस्थितीचा विपर्यास म्हणतात. मी मनातल्या मनात आक्षेप नोंदवला आणि मग मोबाइलमध्ये डोकावलो. तिथे बायकांच्या डोक्यापेक्षा उंच, पांढराशुभ्र, भव्य असा हिमशिखर उभा होता.

“जुळलं,” शंकरसिंग जमिनीवरूनच म्हणाला. “अठ्ठ्याण्णव टक्के.”

विमलताईंनी स्वेटर काढून भिरकावला. शंकरसिंग हिमशिखर काखेत मारून गेला.

पाचव्या दिवशी पैसे आले. म्हणजे बँकेत आले नाहीत. ‘लखलाभ बटव्यात’ आले. चार हजार नऊशे नव्याण्णव, मुदत सात दिवस, आणि ते खर्च करायचे ते लखलाभच्याच दुकानात. मला बँकेतच पैसे हवेत म्हणून काव्याला कळवलं. तिने माझ्या भावना समजून घेतल्या.

या वेळी मी मागच्या बोळातून गेलो नाही. सरळ रस्ता ओलांडला, मोहिउद्दीनभाईंना मोबाइल दाखवला आणि म्हटलं, मी बँकेतून पाच हजार आणून देतो, यांचा नाद सोडला. त्यांनी चष्मा लावून बटवा नीट पाहिला. मग विचारलं, यांच्याकडे कूलरचे पंप भेटतात का? सीझन चालू होता, त्यांच्याकडचे पंप संपत आले होते आणि नागपूरचा व्यापारी भाव वाढवून बसला होता. पंप होते. एकशे चोवीसला एक. चाळीस पंप, चार हजार नऊशे साठ रुपये. नागपूरच्या भावापेक्षा स्वस्तच पडत होते. पंप आले की हिशेब फिटला, असं आमचं ठरलं.

पंपांचं खोकं आलं तेव्हा मी कसलाच धोका पत्करला नाही. ओट्यावर सतरंजी घातली. विमलताई व्हिडिओ काढायला. मी रीतसर पंचनामा लिहायला घेतला : दिनांक, वेळ, खोक्याची लांबी-रुंदी, सील अभंग असल्याबाबत. शंकरसिंगसकट पाच पंचांच्या सह्या घेतल्या. शंकरसिंगने सही करताना सांगितलं की इतकी वर्षं पार्सलं वाटतोय पण ते उघडताना कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतले पंधरा-वीस लोक जमले. सील तोडलं. आत पंप होते. चाळीस, मोजून. चित्रातल्यासारखे, चित्राएवढेच. लोक थोडा वेळ थांबले, आणखी काही निघतंय का बघायला, आणि मग पांगले. त्यांचा विरस झालेला स्पष्ट दिसत होता. विमलताईंनी व्हिडिओ ग्रुपवर टाकलासुद्धा नाही.

मोहिउद्दीनभाईंनी बादली आणली आणि एकेक पंप पाण्यात धरून लावून पाहिला. अडतीस चालले. दोन नुसते गुरगुरले.

जाऊ द्या, चाळीसमध्ये एवढं होतंच, असं मोहिउद्दीनभाई म्हणाले. पण माझा चष्मा तोवर नाकावर आला होता आणि बोट काव्याच्या खिडकीवर गेलं होतं. या वेळी माझ्याकडे व्हिडिओ होता. पंचनामा होता. पाच पंच होते. असा भक्कम पुरावा मला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

शोभा आतून आली. तिच्या हातात तिची स्वतःची छोटी पर्स होती. तिने दोन नोटा काढून मोहिउद्दीनभाईंच्या तळहातावर ठेवल्या.

“दोन पंपांचे अडीचशे,” ती म्हणाली. “वरचे दोन रुपये राहू द्या. आणि भाई, आधी यांच्या हातातला तो मोबाइल घ्या.”

मोहिउद्दीनभाईंनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, बंद केला, शर्टाच्या खिशात टाकला आणि पंपांचं खोकं उचलून रस्ता ओलांडून दुकानात गेले. मी सतरंजी गुंडाळली. मग आत गेलो आणि भैरवीशेजारी, कूलरसमोर, आडवा झालो.